यादीबाहेरचा मासा

आषाढ शुद्ध १२, शके १८४८

कचेरीत फसली सालाचा शहरेवर महिना चालू आहे, घरी आषाढ. ही वही घरची, म्हणून तिथी घरची.

आज दुपारी तलावावर पोचलो. युसूफ वडगाव या गावापासून दीड तासाची चाल, निम्मी चिखलातून. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एका खोलीची चौकी आहे, तीत मी, माझी पेटी आणि विंचू. हुकूम असा : सरकार या तलावात मासे वाढवणार. त्यांचं बीज गोदावरीहून मडक्यांतून आणलं आहे. इथले भोई मासे पाळण्याच्या कामात जे शब्द वापरतात ते सगळे गोळा करून, उर्दू अर्थासह यादी पाठवावी. यादी मुकम्मल होईपर्यंत मुक्काम सोडू नये. सोडल्यास बडतर्फ.

मी तर्जुमानवीस. मराठी कागदाचं उर्दू करणं एवढंच माझं काम. मासा मला पंचांगातल्या मीन राशीपुरता ठाऊक. पण शब्द ते शब्द. दोन दिवसांत उरकेन.

उरकायलाच हवं. वत्सला शिरूरला माहेरी आहे, सातवा संपत आला. आधीची दोन गेली. एक पाचव्यातच. दुसरा जन्मून नवव्या दिवशी गेला, मी तेव्हा असाच कुठल्या तरी मुक्कामावर होतो. बारसं व्हायचं होतं, म्हणून त्याला नावही नव्हतं. या खेपेला मी जवळ असेन असं तिला वचन दिलं आहे.

आषाढ शुद्ध १४

भोयांचा म्होरक्या बंकट. माझ्याच वयाचा, पण खांदे दोन माणसांचे. त्याची आई बायडाबाई पाळीवर बसून जाळं सांधते आणि मधूनमधून माझ्याकडे बघते, बाजारात नवीन बैलाकडे बघतात तसं.

सगळ्या भोयांना बोलावून हुकूम वाचून दाखवला. शेवटचं कलम मराठीत नीट समजावून दिलं : पुढे तलाव गुत्त्याने, म्हणजे ठेक्याने, जाणार. यादीत ज्या जिनसेचं नाव असेल ती गुत्तेदाराची. यादीत जिचं नाव नाही ती वहिवाटीप्रमाणे भोयांची.

बंकट म्हणाला, “पुन्यांदा वाचा.”

पुन्हा वाचलं. लोक साधे, एकदा सांगून डोक्यात शिरत नाही. बायडाबाईची सुई थांबली होती, ती परत चालू झाली.

मग शब्द विचारले. बंकटने चार सांगितले. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू ते जिरं. थोडं वाढलं की बीज. बोटाएवढं झालं की बोटुकली. त्यापुढे मासा. झालं! चारच तर शब्द. समोर उर्दू अर्थ लिहिले, संध्याकाळच्या आत माणूस कचेरीकडे रवाना. उगाच घाबरलो होतो.

आषाढ वद्य ११

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही. “तालाबात ज़ीरा किती बिघे पेरला? कोणाच्या इजाजतीने? पाण्यात ज़ीरा उगवतो काय, याचा खुलासा करावा.”

मी ‘जिरे’ या शब्दासमोर ‘ज़ीरा’ लिहिलं होतं! सोळा वर्षं तर्जुमा करतो आहे. शब्दासमोर शब्द ठेवला, मडक्यात डोकावून पाहिलं नाही. आज बंकटला म्हटलं, दाखव. त्याने बशीभर पाणी आणलं. त्यात बारीक करड्या काड्या वळवळत होत्या, खरोखर जिऱ्याच्या दाण्याएवढ्या. प्रत्येकीला दोन काळे डोळे. फोडणीत जिरं टाकताना रात्री हात अडला, नुसत्या मोहरीवर भागवलं.

पत्रात आणखी एक अट आहे. आता प्रत्येक शब्द भोयाच्या तोंडूनच यावा आणि त्यापुढे त्याचा अंगठा असावा. ही माझ्या जिऱ्याची शिक्षा.

श्रावण शुद्ध ५

शब्द वाढत चालले आहेत. चाराचे एकोणचाळीस झाले.

पाण्यालाच किती नावं! नवं पाणी ते कच्चं. त्यात शेण कालवून आठ दिवस ठेवलं की हिरवट होतं, ते पिकलं पाणी. जिरं कच्च्या पाण्यात सोडलं तर उपाशी मरतं. मी विचारलं, पाण्यात खायला असतं काय? बंकटने ओंजळ भरून माझ्या नाकासमोर धरली. “हे काय, सगळं खाणंच हाय.” मला हिरवं पाणी दिसलं. त्याने ओंजळ उन्हात धरली तेव्हा त्यात सुईच्या टोकाएवढे जीव उड्या मारताना दिसले.

जिरं एकदम मोठ्या तलावात सोडत नाहीत, मोठे मासे गिळतात. आधी पाळीखालच्या लहान खड्ड्यात ठेवतात, त्याला हे लोक बाळंतिणीची खोली म्हणतात. मडक्यातलं पाणी आणि खड्ड्यातलं पाणी हळूहळू एक करायचं, मगच पिल्लं सोडायची. गोदावरीहून आणताना मडकी सारखी हलती ठेवावी लागतात, नाहीतर पिल्लांचा जीव गुदमरतो. म्हणजे माणसाने चालत राहायचं, थांबायचं नाही. मी इथे थांबलो आहे आणि माझाच जीव गुदमरतो आहे, हे बंकटला सांगितलं तर तो हसला. वाईट हसला नाही.

बायडाबाईला विचारलं, लाख जिऱ्यांतली बोटुकली किती होतात?

“येळ बरी असली तर धा हज्जार. न्हाई तर शंभर.”

“बाकीची?”

“बाकीची जात्यात, मुन्शीबाबा. मोजू नये त्येंला.”

श्रावण शुद्ध १३

बोटुकलीचे पाच पोटभाग निघाले. करंगळी, अनामी, मधली, तर्जनी, अंगठा. पाच बोटं, पाच लांब्या. बंकटने अगदी गंभीरपणे एकेक बोट वर करून सांगितलं. मागे दोन बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, उन्हाने असेल. या अडाणी लोकांची भाषा किती काटेकोर असते! मी पाचही घेतले. अंगठे लावून लावून बंकटचा अंगठा निळा पडला आहे.

वत्सलाचं पत्र आलं. लिहिते, “पोट फार हलतं. तुमच्यासारखंच असेल, जागेवर ठरत नाही.” आठवा चालू आहे. मी उलट लिहिलं की यादी संपत आली.

श्रावण वद्य ४

एकशे बारा शब्द. सगळ्यांपुढे अंगठा. उद्या यादी जाईल.

आज एक प्रकार पाहिला तो लिहून ठेवतो. बायडाबाईच्या पाटीत एक हातभर लांब मासा होता. अंग काळपट, डोकं सापासारखं, पाण्याबाहेर तासभर झाला तरी जिवंत. गोदावरीच्या माशांशी त्याचं काही नातं दिसेना. असले चार-पाच रोज कोणीतरी केजच्या बाजाराला नेतं, हे माझ्या लक्षात आलं आहे. विचारलं, याचं नाव काय?

बायडाबाई म्हणाली, “ह्येला नाव न्हाई.”

“नाव नाही असं कसं? तुम्ही काय म्हणता याला?”

“काय बी म्हणत न्हाई. धरतो न् खातो.”

बंकटला विचारलं. “नाव न्हाई.” पाण्यात उभ्या असलेल्या तिघांना विचारलं. तिघेही नाही म्हणाले, आणि फार लवकर म्हणाले. पाण्याला सतरा नावं ठेवणारे हे लोक हातभर माशाला एक नाव ठेवू शकत नाहीत, याचं नवल वाटलं. असेल काही रीत. यादीत नाव नाही, तेव्हा लिहिलं नाही.

श्रावण अमावास्या

यादी परत आली!

गुत्ता घेऊ पाहणाऱ्या इसमाने वर अर्ज केला आहे की या तलावातला सर्वांत चांगला मासा यादीत नाही. काळा, सापतोंड्या. नाव त्याला ठाऊक असणारच, पण कायद्याने ते भोयाच्या तोंडून आणि भोयाच्या अंगठ्याने यायला हवं. माझ्या रुखसतीच्या, म्हणजे रजेच्या, अर्जावर एकच ओळ आहे : “नाव आल्यावर विचार होईल.”

एक शब्द. माझ्या आणि शिरूरच्या मध्ये आता एक शब्द आहे. आणि मांजरा नदी, पण तिला उतार पडेल.

भाद्रपद शुद्ध ३

वडगावला जाऊन पाटील विठ्ठलराव यांना भेटलो. झोपाळ्यावर पडले होते.

“त्या काळ्या माशाचं नाव काय हो पाटील?”

त्यांनी आढ्याकडे पाहिलं. “कोन्ता काळा?”

“तुमच्या सुनेने परवा बायडाबाईकडून घेतला तो.”

“भोयांचं भोयाला इचारा, मुन्शीजी. आमाला कावून मदी घेता?”

परत येताना रस्त्यात भेटेल त्याला विचारत आलो. गुराखी, तेली, वाण्याची म्हातारी. सगळ्या गावाची एकदम वाचा बसली. मला वाटतं हे लोक एखाद्या देवाच्या धाकाने नाव घेत नसावेत. बंकटला तसं विचारलं. तो म्हणाला, “हां. तसंच समजा.”

भाद्रपद शुद्ध ६

पाऊस. चौकीच्या छपरातून पेटीवर गळतं. चारही कोपऱ्यांतून पाळ दिसते आणि पाळीपलीकडे पाणी. यादी वाचून पाठ झाली आहे. आंघोळ करताना “कच्चं पाणी” म्हणतो. काल स्वप्नात मला कोणी मडक्यात घालून नेत होतं आणि मध्येच मडकं खाली ठेवून निघून गेलं.

भाद्रपद शुद्ध ९

सासूबाईंचं, केसरबाईंचं पत्र. लिहिणारा दुसरा, पण बोल त्यांचेच. “पायावर सूज आहे. सुईण म्हणते, दिवसाआधी होईल. पोर रात्रंदिवस दाराकडे बघते. तुम्ही या. सरकार काय तुमच्यावाचून अडलं आहे?”

पत्र घेऊन बंकटकडे गेलो आणि ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही, लाज वाटते. एवढं आठवतं की म्हणालो, “एक शब्द रे! एका शब्दापायी माझी बायको मरेल!” तो पाण्यात गुडघाभर उभा होता. त्याने मान खाली घातली. त्याच्या गप्प राहण्याचा मला इतका संताप आला की हातातली यादी फेकून द्यावी असं वाटलं. फेकली नाही. सोळा वर्षांची सवय.

भाद्रपद शुद्ध १०

सकाळी बायडाबाई चौकीच्या दारात आली. आजवर कधी आली नव्हती. “चल, लेकरा. एक दावते तुला.” मुन्शीबाबाचं लेकरू झालं.

पाळीच्या टोकाला लव्हाळ्यात घेऊन गेली आणि तोंडावर बोट ठेवलं. पाण्यावर हाताच्या पंजाएवढा एक तांबडा डाग होता. डाग उकळल्यासारखा हलत होता. बघतो तर बारीक तांबडी पिल्लं, शेकड्यांनी, एका गोळ्यात. श्वास घ्यायला वर येत होती, परत बुडत होती. आणि त्यांच्या खाली, दोन बाजूंना, दोन काळी लांब अंगं. हलत नव्हती.

एक बेडूक जवळ आला. काळं अंग बाणासारखं सुटलं, बेडूक दिसेनासा झाला, आणि ते परत आपल्या जागी येऊन उभं राहिलं.

“ही आई?” मी विचारलं.

“ती पलीकडची आई. ह्यो बाप.”

“बापपण राखतो?”

“मंग? घरटं बी दोगं करत्यात. पिल्लं पोटाला लागंस्तोवर मरळ हाटत न्हाई. गळ टाक, काठी घाल, हाटत न्हाई. म्हणून पिल्लावरच्या मरळीला आमी हात लावत न्हाई. ह्यो गुत्तेदार काय हात राखंल? त्येला सोपं घावल, एका जागी हुभं आस्तंय.”

मी त्या बापाकडेच पाहत होतो. चौकीत परत आल्यावर, पेटी उघडताना, एकदम उमगलं. मरळ! म्हातारी बोलण्याच्या भरात चुकून नाव बोलून गेली! एकदा नाही, दोनदा. आणि तिला पत्ताही नाही. जाताना मात्र मागे वळून म्हणाली होती, “आयकलंस न्हवं?” मला वाटलं, पिल्लांबद्दल विचारते आहे.

शब्द मिळाला. एकशे तेरावा. दिवसभर कागद समोर ठेवून बसलो.

भाद्रपद शुद्ध ११

लिहिलं नाही. कारण नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे माझं मलाच कोडं पडायला नको. हुकूम स्पष्ट आहे, शब्द अंगठ्यासह हवा. चुकून तोंडातून गेलेला शब्द ही साक्ष होत नाही. जिऱ्याच्या वेळी मी घाई केली आणि तोंडावर पडलो. आता नियमाने जाणार. एवढंच कारण आहे.

तिसऱ्या प्रहरी बंकट आला. आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, जणू देवळात निघाला आहे. पाळीवर मागे पाचसहा भोई उभे होते. बायका होत्या.

“मुन्शीजी, ल्ह्या. आयनं सांगितलंय. नाव सांगतो न् आंगठा बी देतो. तुमी घरला जावा.”

म्हणजे म्हातारी चुकून बोलली नव्हती की काय? मला नीट कळेना. मी त्याच्या अंगठ्याकडे पाहत राहिलो. एकशे बारा शब्दांची निळाई अजून रेषांत बसलेली. मांजरेला उतार पडला आहे. उद्या निघालो तर रुखसत घेऊन आठव्या दिवशी शिरूर. दारात वत्सला.

“आज नाही,” मी म्हणालो. “शाई संपली.”

त्याने माझ्या दौतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“उद्या येऊ?”

“उद्याही नसेल. शाई केजहून यायची आहे. केव्हा येईल सांगता येत नाही.”

मग वाकून त्याने उंबऱ्याला हात लावला आणि गेला. मला त्याचा राग आला. पायाबिया पडण्यासारखं मी काय केलं होतं? शाई नव्हती, एवढंच.

भाद्रपद शुद्ध १३

यादी पाठवली. शेवटी माझ्या हाताने लिहिलं : “चौकशी पूर्ण केली. सदर काळ्या माशास या तलावावर नाव नाही.” खाली माझी सही. भोयाचा अंगठा घेतला नाही. खोटं असेल तर ते माझं असावं.

बडतर्फ करतील किंवा फेरचौकशी लावतील. तोवर मुक्काम सोडायचा नाही; सोडला तर माझ्या जागी दुसरा कोणी नाव विचारायला येईल. भोयांच्या बायका रोज सकाळी चौकीच्या दारात भाजी ठेवून जातात, मी मासे खात नाही म्हणून. अंबाडी, तांदुळजा. कोण ठेवतं ते कळू देत नाहीत.

वत्सलाला काय लिहू? चार पत्रं फाडली. शेवटी लिहिलं, “माझं वचन मोडलं. मला शिव्या घाल, पण जग.”

भाद्रपद वद्य ८

पत्र नाही. दुपारी लव्हाळ्यात जाऊन बसतो. तांबडी पिल्लं आता करडी झाली आहेत, गोळा सैल झाला आहे. बाप तिथेच आहे. मला त्याची लाज वाटते आणि तरी जातो.

आश्विन शुद्ध २

पत्र! केसरबाईंचं. पितृपक्षात, वद्य एकादशीला पहाटे, मुलगी झाली. दोघी जिवंत आहेत. वत्सलाला तीन दिवस ताप होता, उतरला. मुलगी लहान आहे, “करंगळीच्या पेराएवढी बोटं, पण मूठ सोडत नाही.” पत्राखाली वत्सलाने स्वतः एक ओळ घातली आहे : “तुम्ही नव्हता. मी विसरणार नाही. पण ती दूध पिते.”

केसरबाई पुढे लिहितात, “तुमचं येणं दिसत नाही. नाव लिहून पाठवा, बाराव्या दिवशी पाळण्यात घालू. मागच्यासारखं नको. त्या लेकराला नाव नव्हतं, कुठे त्याची नोंदही राहिली नाही.”

बायडाबाईला सांगायला धावत गेलो. तिने जाळं बाजूला टाकलं, माझ्या कानशिलांवरून हात फिरवून बोटं मोडली. “नाव काय ठिवनार?”

एकशे बारा शब्द गोळा करणाऱ्या माणसाला एक सुचेना. संध्याकाळपर्यंत कागदावर सतरा नावं लिहिली आणि सतराही खोडली. प्रत्येक नाव लिहिताच ते रकान्यात बसलेलं दिसायचं, समोर उर्दू अर्थ, समोर अंगठ्याची जागा.

आश्विन शुद्ध ३

सकाळी पत्र लिहिलं.

“केसरबाईंना शिरसाष्टांग नमस्कार. बारसं लांबवा. नाव मी येऊन ठेवीन. केव्हा येईन ते सांगता येत नाही, पण येईन. नाव नाही म्हणून भिऊ नका. आधीच्या लेकरालाही नाव नव्हतं, कुठल्या कागदावर तो नाही, म्हणून काय तो आपला नव्हता? इथे तलावावर मी एक गोष्ट शिकलो. कोणाच्या यादीत ज्याचं नाव नाही, त्याला कोणी नेऊ शकत नाही. वत्सलाला म्हणावं, तोवर तिला नुसतं उराशी धर.”

बंकट स्वतः घेऊन निघाला, शिरूरपर्यंत. बायडाबाईने त्याच्याबरोबर बाळासाठी जाळ्याच्या सुताचा पाळणा दिला आहे.

पत्र लांबलं, दोन कागद झाले. आता ही वही लिहितो आहे. दौतीत शाई अजून अर्धी आहे.